परिचारिकेची निष्ठा कुणाशी?

बारावीचा निकाल लागला की आपल्याकडे घरोघरी एक छोटी गोलमेज परिषद भरते. यंदा ती माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी भरली. भाचीला चांगले गुण मिळाले होते. चहाचे कप ठेवता ठेवता ती म्हणाली, "मामू, मी नर्सिंगला जाऊ का?"

बहिणीच्या कपाळावर लगेच आठी उमटली. रात्रपाळ्या, परक्या माणसांची उस्तवार, आणि पुढं लग्न ठरवताना लोक काय म्हणतील ही ठरलेली काळजी. मेहुणे वर्तमानपत्रात तोंड घालून बसले. एका कोपऱ्यात तसबीह ओढत बसलेली अम्मी मात्र माझ्याकडे वळून म्हणाली, "तुझ्या अब्बांना त्या रात्री कुणी वाचवलं, विसरलास का रे?"

विसरलो नव्हतो. तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. अब्बा दवाखान्यात होते आणि उशाशी मी. रात्री एक वाजता नवीन इंजेक्शन लिहिलं गेलं. ड्यूटीवरच्या सिस्टरनं इंजेक्शन हातात घेतलं आणि खाटेला अडकवलेले कागद उलटून पाहिले. मागच्या एका आजारात याच जातीच्या औषधानं अब्बांच्या अंगावर गांधी उठून श्वास कोंडला होता, अशी एक ओळ त्या कागदांत कुठंतरी होती. तिनं डॉक्टरांना फोन लावला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. "सांगितलंय तेवढं करा." तिनं फोन ठेवला, इंजेक्शन ट्रेमध्ये परत ठेवलं, वहीत वेळ टाकून चार ओळी लिहिल्या आणि पहाटेपर्यंत दर अर्ध्या तासानं येऊन अब्बांची नाडी पाहत राहिली. सकाळी मोठे डॉक्टर आले, त्यांनी वही वाचली आणि काही न बोलता औषध बदललं. त्या सिस्टरला कुणी शाबासकी दिल्याचं मी पाहिलं नाही. मेट्रनच्या खोलीत तिला बोलावणं आलं, एवढं मात्र पाहिलं.

भाचीनं ही गोष्ट ऐकून घेतली आणि विचारलं, "पण मामू, नर्सनं डॉक्टर सांगतील ते ऐकायचंच असतं ना?"

मी बी.ए. मराठीचा. कविता लिहिणारा माणूस. औषधातलं मला काही कळत नाही. पण या प्रश्नानं मला बराच काळ वाचत ठेवलं. वाचता वाचता लक्षात आलं, की या मुलीनं सहज विचारलेला प्रश्न हाच आधुनिक परिचर्येचा सगळा इतिहास आहे. परिचारिकेची निष्ठा कुणाशी? डॉक्टरशी, दवाखान्याशी, सरकारशी, की खाटेवरच्या माणसाशी? या एका प्रश्नाचं उत्तर देता देता जगाला सव्वाशे वर्षं लागली.

ही कहाणी जिथून सुरू करतात तिथूनच करू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडात पैसे घेऊन आजाऱ्याची सेवा करणाऱ्या बाईला फारशी इज्जत नव्हती. चार्ल्स डिकन्सनं 'मार्टिन चझलविट' या कादंबरीत सेरी गॅम्प नावाची दारुडी, बेफिकीर नर्स रंगवली आणि ते पात्र लोकांना इतकं ओळखीचं वाटलं, की गॅम्प हे या धंद्याचंच टोपणनाव झालं. अशा काळात, क्रिमियाचं युद्ध पेटलं असताना, नोव्हेंबर १८५४ मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल ३८ स्त्रियांना घेऊन तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोचली. हे स्कुटारी म्हणजे आजच्या इस्तंबूलमधलं उस्कुदार.

हातात दिवा घेऊन फिरणारी देवी हे तिचं चित्र आपण शाळेपासून पाहिलंय. त्यापेक्षा मला तिचे तिथले पहिले काही दिवस जास्त बोलके वाटतात. लष्करी डॉक्टरांना या बायका नको होत्या. नाइटिंगेलनं आपल्या बायकांना सांगितलं, डॉक्टर बोलावतील तेव्हाच वॉर्डात पाऊल टाकायचं. समोर माणसं कण्हत होती आणि या बसून पट्ट्या शिवत होत्या. मग इंकरमनच्या लढाईतले जखमी येऊन थडकले, रुग्णालय ओसंडून वाहू लागलं आणि डॉक्टरांनाच त्यांना हाक मारावी लागली.

म्हणजे परिचर्येच्या पायाच्या दगडावरच 'आज्ञापालन' हा शब्द कोरला गेला. पण तो त्या क्षणापुरता होता. पुरुषांच्या आणि लष्कराच्या त्या बंद दारातून आत शिरण्याची ती किंमत होती. नाइटिंगेलची खरी ताकद वेगळ्याच ठिकाणी होती. तिनं मोजलं आणि लिहून ठेवलं. किती सैनिक जखमांनी मेले आणि किती घाणीमुळं पसरलेल्या रोगांनी, याचे आकडे तिनं मांडले. १८५८ मध्ये तिनं ते रंगीत पाकळ्यांच्या आकृतीत असे काढले, की आकडेमोडीचा कंटाळा असणाऱ्या मंत्र्यालाही एका नजरेत कळावं: शत्रूच्या गोळ्यांपेक्षा आपल्याच दवाखान्यांनी जास्त शिपाई मारलेत. डॉक्टरांच्या हुकमाशिवाय वॉर्डात न जाणारी ही बाई सरकारला मात्र बिनदिक्कत आरसा दाखवत होती. पुढं हिंदुस्थानातल्या पाणी-गटारांच्या प्रश्नावर तिनं आयुष्यभर लिहिलं. आपल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही तिचा पत्रव्यवहार होता.

१८५९ मध्ये तिचं परिचर्येवरचं छोटं पुस्तक आलं आणि १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात तिच्या नावाची शाळा निघाली. तिथून शिकलेल्या बायका जगभर गेल्या. त्यांनी कामाची शिस्त नेली, स्वच्छता नेली, निरीक्षण नेलं. आणि आत शिरण्यापुरतं पत्करलेलं ते आज्ञापालनही नेलं. जी युक्ती होती तिचीच हळूहळू नीती झाली.

या नीतीला शब्द मिळाले १८९३ मध्ये. अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात लिस्ट्रा ग्रेटर यांच्या पुढाकारानं एका समितीनं परिचारिकांसाठी शपथ तयार केली आणि तिला 'नाइटिंगेल शपथ' असं नाव दिलं. ती नाइटिंगेलनं लिहिलेली नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. शुद्ध आचरण ठेवीन, घातक औषध जाणूनबुजून देणार नाही, रुग्णाच्या घरातलं गुपित बाहेर फोडणार नाही, अशी चांगली वचनं तीत आहेत. आणि त्यांच्याच रांगेत आणखी एक वचन आहे: डॉक्टरांना त्यांच्या कामात निष्ठेनं साहाय्य करीन. आपल्याकडच्या नर्सिंग महाविद्यालयांतही मुली हातात दिवा धरून ही शपथ घेत आल्या आहेत. दृश्य मोठं सुंदर असतं. पण निष्ठा हा शब्द त्या शपथेत डॉक्टरच्या नावापुढं लिहिला गेला होता, हे लक्षात ठेवा. पुढचं सगळं रामायण त्यावरूनच झालं.

इकडे महाराष्ट्रात काय चाललं होतं? १८८६ मध्ये मुंबईत स्त्रियांसाठी कामा रुग्णालय उघडलं. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले स्वतःच प्लेगला बळी पडल्या. त्या परिचारिका नव्हत्या, पण जो रोगी अस्पृश्य म्हणून आणि प्लेगचा म्हणून दोन्हीकडून टाकला गेला होता, त्याला उचलून आणणारे हात त्यांचे होते. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभं राहिलं. रमाबाई रानड्यांनी विधवा आणि निराधार मुलींना ससून रुग्णालयात परिचर्येच्या शिक्षणाला पाठवायला सुरुवात केली. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावणं, जातीपातीचा विटाळ न पाळणं, रात्री घराबाहेर राहणं, या तिन्ही गोष्टींवर त्या काळी केवढं काहूर माजलं असेल याची कल्पना करा. माझ्या बहिणीच्या कपाळावरची आठी काही आजची नाही आणि एकट्या आमच्या समाजाचीही नाही. तिला मी मग रुफैदाची आठवण करून दिली. इ.स. ६२७ च्या खंदकाच्या लढाईत जखमी झालेल्या सहाबींना मदीनेच्या मशिदीच्या आवारातल्या जिच्या तंबूत ठेवलं होतं, असं परंपरा सांगते, ती ही रुफैदा. तेव्हा कुणी लग्नाची काळजी काढली नव्हती!

असो. निष्ठेच्या प्रश्नाकडं वळू. तो सगळ्यात जीवघेणा झाला अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या टस्कीगी गावात. १९३२ मध्ये तिथं सरकारी आरोग्य खात्यानं एक 'अभ्यास' सुरू केला. सुमारे ६०० गरीब कृष्णवर्णी पुरुष निवडले. त्यातल्या ३९९ जणांना उपदंश म्हणजे सिफिलिस होता. त्यांना रोगाचं नाव सांगितलं नाही, 'रक्त खराब आहे' एवढंच सांगितलं. उपचार न करता हा रोग माणसाला कसा पोखरत नेतो, हे खात्याला पाहायचं होतं. १९४० च्या दशकात पेनिसिलिन हाताशी आलं. तेही या माणसांपर्यंत पोचू दिलं नाही.

डॉक्टर बदलत गेले. ४० वर्षं टिकून राहिली ती एक परिचारिका, युनिस रिव्हर्स. ती स्वतः कृष्णवर्णी, त्याच भागात शिकलेली. ती या माणसांना आपल्या गाडीतून तपासणीला नेई, त्यांच्या बायकामुलांची चौकशी करी, कुणी गेलं तर मातीला हजर राही. त्यांचा तिच्यावर आंधळा विश्वास होता. शवविच्छेदनाला परवानगी दिली तर दफनाचा खर्च मिळेल, हेही घरच्यांना तीच समजावून सांगे. १९५८ मध्ये तिला सरकारी पुरस्कार मिळाला. १९७२ मध्ये पीटर बक्सटन नावाच्या एका माणसानं हे प्रकरण वार्ताहरांपर्यंत पोचवलं, तेव्हा ते बंद पडलं. तो याच आरोग्य खात्यात काम केलेला होता. १९९७ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी देशाच्या वतीनं जाहीर माफी मागितली.

युनिस रिव्हर्स दुष्ट होती का? मला तसं म्हणवत नाही. तिच्यात माया होती, कष्टाळूपणा होता, वक्तशीरपणा होता. चांगल्या परिचारिकेच्या अंगी जे जे गुण असावेत असं आपण म्हणतो ते सगळे होते. नर्सनं निदान करायचं नसतं, डॉक्टरांनी ठरवलेलं पार पाडायचं असतं, हे तिला शिकवलं गेलं होतं आणि ते तिनं चोख केलं. वर, त्या काळच्या दक्षिणेत एका काळ्या बाईनं गोऱ्या डॉक्टरांना 'नाही' म्हणायचं तर कुणाच्या बळावर? हे सगळं मान्य. तरीही ती माणसं मेली. मायेनं भरलेला हात आणि चुकीच्या जागी ठेवलेली निष्ठा एकत्र आली, की काय होतं ते टस्कीगीनं दाखवलं. दुष्ट माणूस आला असता तर ते लोक सावध तरी झाले असते.

कुणी म्हणेल, हा अपवाद आहे. तो अपवाद नाही, हे १९६६ मध्ये अमेरिकेतल्याच एका प्रयोगानं दाखवून दिलं. चार्ल्स हॉफलिंग नावाच्या मनोविकारतज्ज्ञानं वेगवेगळ्या वॉर्डांतल्या २२ परिचारिकांना संध्याकाळच्या पाळीत फोन करवले. फोनवर एक अनोळखी डॉक्टर. "अमुक रोग्याला अ‍ॅस्ट्रोटेन वीस मिलिग्रॅम द्या, मी येऊन सही करतो." औषध खोटंच होतं, पण बाटलीवर स्पष्ट लिहिलं होतं, दिवसाला दहा मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. फोनवरचा हुकूम घ्यायचा नाही, असा रुग्णालयाचा नियम होता. औषध वॉर्डच्या यादीत नव्हतं. आवाजही ओळखीचा नव्हता. तरीही २२ पैकी २१ जणी औषध काढून खाटेकडं निघाल्या. वाटेत त्यांना थांबवण्यात आलं. आणि गंमत ऐका. दुसऱ्या काही परिचारिकांना आणि विद्यार्थिनींना नुसतं तोंडी विचारलं, तुम्ही असं औषध द्याल का, तेव्हा जवळजवळ सगळ्या म्हणाल्या, छे, मुळीच नाही. आपण सगळेच कागदावर शूर असतो.

पण या गोष्टीला पुढचा भाग आहे आणि तो फारसा कुणी सांगत नाही. १९७७ मध्ये रँक आणि जेकबसन या दोघांनी असाच प्रयोग पुन्हा केला. फरक दोनच. औषध परिचारिकांच्या रोजच्या माहितीतलं होतं, आणि आजूबाजूच्या सहकाऱ्यांना विचारण्याची मोकळीक होती. या वेळी १८ पैकी दोघीच जास्तीचा डोस द्यायला तयार झाल्या. बाकी सोळा जणी थांबल्या. स्वभावानं त्या काही जास्त धीट होत्या असं नाही. त्यांना औषध ठाऊक होतं आणि "अगं, हे बरोबर वाटतंय का तुला?" असं विचारायला शेजारी मैत्रीण होती, एवढंच. धाडस हा काही जन्मजात गुण नसतो. ज्ञान आणि सोबत मिळाली, की साध्या माणसालाही ते जमतं.

याच काळात शपथेतले शब्दही बदलत होते. परिचारिकांची आंतरराष्ट्रीय संघटना १८९९ पासून आहे. हिंदुस्थानातल्या परिचारिकांची संघटना १९०८ मध्ये स्थापन झाली आणि १९१२ मध्ये या जागतिक संघटनेला जोडली गेली. जागतिक संघटनेनं १९५३ मध्ये ब्राझीलमधल्या साव पावलो इथं आपली पहिली आचारसंहिता मंजूर केली. तिच्यातही डॉक्टरांच्या सूचना समजून-उमजून आणि निष्ठेनं पार पाडणं हे परिचारिकेचं कर्तव्य होतं. वीस वर्षांनी, १९७३ मध्ये, मेक्सिको सिटीच्या अधिवेशनात ते वाक्य गेलं. त्या जागी आलं ते असं: परिचारिकेची पहिली जबाबदारी ज्यांना परिचर्येची गरज आहे त्या माणसांशी. सोबतीला एक कलमही आलं. सहकारी किंवा इतर कुणाच्या वागण्यानं रुग्णाला धोका होत असेल, तर त्याच्या रक्षणासाठी तिनं योग्य ते पाऊल उचलावं. टस्कीगीची बातमी फुटली १९७२ मध्ये आणि हा बदल झाला १९७३ मध्ये. एकामुळं दुसरं झालं असं मी म्हणत नाही, पण काळाची हवा बदलली होती. निष्ठा हा शब्द डॉक्टरच्या टेबलावरून उठून रुग्णाच्या खाटेपाशी येऊन बसला.

नुसती शपथ बदलून भागत नाही, पाठीशी कायदा लागतो. परिचारिकांची सरकारदरबारी नोंदणी करणारा देशव्यापी कायदा पहिल्यांदा न्यूझीलंडनं १९०१ मध्ये केला. खुद्द नाइटिंगेलचा नोंदणीला विरोध होता. परीक्षेनं माणूस चांगला आहे की नाही ते कसं कळणार, असं तिचं म्हणणं. पण काळानं तिचं ऐकलं नाही. आपल्याकडे मद्रासला १९२६ मध्ये परिषद झाली, मुंबई इलाख्याचा कायदा १९३५ चा आणि भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा १९४७ चा. नोंदणीचा अर्थ असा, की परिचारिका कुणा डॉक्टरची मदतनीस म्हणून उभी नसते. ती स्वतःच्या नावानं, स्वतःच्या क्रमांकानं उभी असते, आणि चूक झाली तर स्वतःच्याच नावानं जबाब देते. 'मला सांगितलं म्हणून केलं' ही पळवाट नोंदणीबरोबरच बुजायला लागली.

अर्थात खाटेच्या बाजूनं उभं राहण्याची किंमत आजही द्यावी लागते. २००९ मध्ये टेक्सासमधल्या विंकलर परगण्यात अ‍ॅन मिचेल आणि विकिलिन गाले या दोन परिचारिकांनी आपल्याच रुग्णालयातल्या एका डॉक्टरविरुद्ध राज्याच्या वैद्यक मंडळाकडं निनावी तक्रार केली. त्याच्या उपचारांनी रोग्यांना धोका आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. तिथला शेरीफ डॉक्टरचा मित्र. त्यानं पत्र लिहिणाऱ्या शोधून काढल्या. वर्षानुवर्षं नोकरी केलेल्या त्या दोघींना कामावरून काढलं आणि त्यांच्यावरच फौजदारी खटला भरला. गालेवरचा आरोप खटल्याआधी मागं घेतला गेला, मिचेलला मात्र आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहावं लागलं. फेब्रुवारी २०१० मध्ये ज्यूरीनं तासाभराच्या आत तिला निर्दोष सोडलं. पुढं शेरीफ आणि डॉक्टर दोघांनाही शिक्षा झाल्या. देशभरच्या परिचारिकांनी या दोघींच्या खटल्यासाठी वर्गणी पाठवली होती. पुन्हा तीच गोष्ट: ज्ञान आणि सोबत.

आणि दूर टेक्सासला कशाला जायचं? आपली मुंबई आहे. १९७३ च्या नोव्हेंबरात परळच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानभाग या तरुण परिचारिकेवर तिथल्याच एका सफाई कामगारानं अमानुष हल्ला केला. कामातल्या शिस्तीवरून तिनं त्याला फटकारल्याचा राग त्याच्या मनात होता. ती पुन्हा कधी शुद्धीवर आली नाही. १८ मे २०१५ रोजी तिनं प्राण सोडला, तोपर्यंत ४१ वर्षांहून अधिक काळ तिची काळजी केईएमच्या परिचारिकांनी घेतली. जिनं तिच्याबरोबर काम केलं ती पिढी निवृत्त झाली, तिला कधी चालताबोलताना न पाहिलेली पिढी आली, पण तिला भरवणं, पुसणं, कुशीवर वळवणं चुकलं नाही. एवढी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या देहावर शय्याव्रण उठू दिले नाहीत. ज्यांनी घरात लकव्याचं माणूस सांभाळलंय त्यांना याचा अर्थ कळेल. मधे तिला तिथून हलवून खाट मोकळी करण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा याच परिचारिका आडव्या उभ्या राहिल्या. सर्वोच्च न्यायालयानं ७ मार्च २०११ च्या निकालात त्यांच्या सेवेचा गौरव केला आणि अरुणाच्या बाजूनं बोलण्याचा अधिकार त्यांचा मानला. दयामरणाच्या प्रश्नावर दोन मतं असू शकतात. पण निष्ठा कुणाशी, याचं उत्तर त्या वॉर्डात रोज तीन पाळ्यांत दिलं जात होतं.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कामा रुग्णालयात अतिरेकी शिरले, तेव्हा अंजली कुलथे ड्यूटीवर होत्या. त्यांच्या वॉर्डात २० गरोदर बायका होत्या. त्यांनी दारं लावली, सगळ्यांना पँट्रीच्या छोट्या खोलीत नेऊन दडवलं, आणि त्यातल्या एकीला कळा सुरू झाल्या तेव्हा बाहेर गोळीबार चालू असताना भिंतीच्या आधारानं तिला प्रसूतिगृहात पोचवलं. पुढं कसाबविरुद्ध साक्ष द्यायची वेळ आली, तेव्हा गणवेशातच येऊ द्या, असं त्यांनी सांगितलं. डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढं बोलतानाही त्यांनी त्या गणवेशाच्या जबाबदारीची आठवण सांगितली. त्या रात्री त्यांना हुकूम द्यायला कुणी नव्हतं. हुकमाची वाट पाहणारी परिचारिका असती, तर काय झालं असतं?

आता भाचीच्या प्रश्नाकडं येतो. मी तिला जे सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. तुमच्याही घरात एखादी मुलगी, आणि हो, एखादा मुलगाही, या वाटेवर उभा असेल.

पहिलं, नीट शीक. जी.एन.एम.ची तीन वर्षं असोत की बी.एस्सी. नर्सिंगची चार, औषधाचं नाव, मात्रा आणि धोका पाठ नसेल तर धाडस काही कामाचं नाही. मान्यता असलेल्याच संस्थेत जा आणि परिषदेकडची आपली नोंदणी जप. तोच तुझा पायाचा दगड.

दुसरं, लिहून ठेव. अमेरिकेतली पहिली प्रशिक्षित परिचारिका लिंडा रिचर्ड्स हिनं प्रत्येक रोग्याची वेगळी लेखी नोंद ठेवण्याची पद्धत घातली. आज आपल्याला ती किरकोळ वाटते, पण तुझ्या नानांना वाचवलं ते एका जुन्या नोंदीनं. जे पाहिलंस ते वेळेसह लिही. जे केलं नाहीस ते 'केलं' म्हणून कधी लिहू नकोस. हातून चूक झाली तर लपवू नकोस. लपवलेली चूक रोग्याच्या अंगात फिरत राहते.

तिसरं, विचार, पण अदबीनं. डॉक्टर काही शत्रू नव्हेत. दहापैकी नऊ वेळा त्यांची सूचना बरोबरच असते आणि ती तत्परतेनं पाळणं हेच तुझं काम असतं. दहाव्या वेळेसाठी मात्र तुझी जीभ शाबूत पाहिजे. "सर, एकदा खात्री करून घेते," या वाक्यानं कुणाचाही अपमान होत नाही.

चौथं, एकटी राहू नकोस. संघटनेत जा, सोबतिणी जोड. आणि सेवा हा शब्द वापरून कुणी तुझा पगार कापत असेल, तर तिथंही बोल. खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या तुटपुंज्या वेतनाची दखल २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला घ्यावी लागली होती. पोटभर न जेवलेल्या आणि दोन पाळ्या सलग केलेल्या माणसाच्या हातून चूक होते, आणि ती शेवटी रोग्यालाच भोवते.

एवढं बोलून मी थांबलो. कवीची खोड म्हणून एक शब्द मात्र तिला दिला. आमच्या घरात 'अमानत' म्हणतात, मराठीत त्याच शब्दाचा 'अनामत' झाला. कुणीतरी विश्वासानं आपल्याकडं ठेवलेली ठेव. वॉर्डातला प्रत्येक रोगी ही कुणाची तरी अनामत असते. ती डॉक्टरच्या मालकीची नसते, दवाखान्याच्याही नाही. ज्याची ठेव त्याला सुखरूप परत करायची, आणि परत करता आली नाही तर निदान अखेरपर्यंत इमानानं सांभाळायची, एवढाच तिचा कायदा.

भाचीनं अर्ज भरला आहे. माझ्या बहिणीची आठी अजून पुरती गेलेली नाही. पण अर्जाच्या फोटोसाठी ओढणी कोणती घ्यावी, यावर तीच दोन दिवस खल करत होती. अम्मी तसबीह ओढता ओढता हसली. आणि मला त्या रात्रीची ती सिस्टर आठवली. तिचं नाव विचारायचं तेव्हा सुचलं नव्हतं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)